गावधूर

रविवार, १६ नोव्हेंबर

पोचलो एकदाच्या! दारव्ह्याच्या स्टँडवर अय्यूबने जीपच्या टपावर आमचं सामान बांधलं, तेव्हा फोमच्या गादीकडे बघून तो म्हणाला की मॅडम, ही गादी घाटातल्या वाऱ्याने उडून आपल्या आधी निंबदऱ्यात पोचेल. सांचीला ते इतकं आवडलं की सगळ्या रस्त्याने ती खिडकीतून मान काढून गादी जागेवर आहे का ते बघत होती. मी तिला एकदाही मान आत घे म्हटलं नाही. सात वर्षांची पोर, आणि तिचं सगळं आयुष्य चंद्रपुरात बंद काचेमागे गेलेलं. खाऊ दे म्हटलं वारा.

घाट उतरताना गाव दिसलं. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे परातीत ठेवल्यासारखं निंबदरा. वरच्या अंगाला तांडा, खाली तूर आणि कपाशी, अगदी तळाशी एक खोलगट पट्टा. त्याला इथे बशी म्हणतात. सांचीच्या दम्यासाठी हवा बदला असं डॉक्टरांनी सांगितलं, मी बदलीचे अर्ज करकरून साहेबांना पिळून काढलं, आणि शेवटी इथल्या आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीवर जागा मिळाली. सांचीचा बाबा रजत मात्र चंद्रपुरातच राहिला. त्याची नोकरी कोळशाची, आणि कोळसा काही आमच्यासाठी जागा बदलायचा नाही.

घर बाबारावांचं आहे. पुढची बाजू त्यांची, मागच्या अंगणात उघडणाऱ्या दोन खोल्या आमच्या. बशीतलं सगळ्यात मोठं शेत त्यांचं, आणि गावात शब्दही त्यांचाच चालतो. त्यांची बायको तुळसाबाई कानाने जरा कमी आणि छातीने त्याहून कमी, पण हसते छान. भिंतीला भिंत लागून अय्यूबचं घर. त्याची आई जैबुनबी आम्ही कुलूप उघडायच्या आधीच वांग्याचं भरीत आणि गरम भाकरी घेऊन दारात उभी होती.

सांचीने झोपायच्या आधी नळीत फुंकर मारली. या नळीवर एक काटा असतो. हिरव्या पट्ट्यात गेला तर दम चांगला, पिवळ्यात गेला तर जपायचं, लालमध्ये असला तर धावत सुटायचं. काटा हिरव्यात गेला. मी तिचे दोन्ही गाल ओढले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

औषधाची खिडकी आता अंगवळणी पडली. इथल्या म्हाताऱ्यांना खोकल्याचं औषध लालच लागतं. दुसऱ्या रंगाची बाटली दिली की ते ती माझ्याकडे परत सरकवतात आणि समजूतदारपणे वाट बघत उभे राहतात. मीही आता लालच मागवते. कोण वाद घालणार!

सांची शाळेतून आली की तुळसाबाईकडे असते. त्या तिच्या केसांना तेल लावून देतात, तिच्याकडून शाळेची गाणी ओरडून म्हणवून घेतात. मी तुळसाबाईंना दम्याचा पंप आणून दिला आणि कसा ओढायचा ते शिकवलं. आधी त्या तोंडात धरून बाहेरच फुंकत होत्या. सांची मास्तरीण झाली आणि दोन दिवसांत म्हातारीला तयार केलं. बाबाराव ओसरीवर बसून हे बघत होते. त्यांनी मला हात जोडले. तुळसाशिवाय आपल्याला घरात पाण्याचा पेलाही सापडत नाही, असं म्हणाले. बरा माणूस वाटला.

फोनमध्ये हवा कशी आहे ते सांगणारं ॲप आहे. चंद्रपुरात ते उघडायचीच भीती वाटायची. इथे उघडलं तर निंबदरा त्याला ठाऊकच नाही. कुठल्या तरी लांबच्या शहराची हवा दाखवत बसतं. मी ते काढूनच टाकलं. ज्या गावाची हवा मोजायची कुणाला गरज वाटली नाही, तिथली हवा चांगलीच असणार.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर अंगण नव्हतं. कणकेवर ओलं फडकं टाकावं तसं सगळ्या गावावर धुकं पसरलेलं. इथे त्याला धुवारी म्हणतात. सूर्य उशिरा आला आणि आजारी माणसासारखा लगेच परत गेला. चुलींचा धूर छपरापर्यंत चढतो आणि तिथेच आडवा होतो. खोऱ्यातली हवा हिवाळ्यात हलत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. बदलीच्या अर्जात ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावून आलो. येताना सांची खोकत होती. काटा पिवळ्या पट्ट्यात.

गावात वेगळीच काळजी आहे. तूर फुलावर आलीये आणि धुवारी बसली की फूल गळतं. बाबाराव म्हणाले, अशीच राहिली तर गावधूर करावा लागेल. म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. सगळ्या गावाने मिळून पहाटे बशीच्या कडेने ओलसर धूर करायचा, त्याच्या उबेने धुवारी पिकावरून उठते. पोरीच्या खोलीची दारं-खिडक्या तेवढ्या बंद ठेवा, म्हणाले.

मंगळवार, ९ डिसेंबर

गावधुराची बंडी, म्हणजे बैलगाडी, आज दारोदार फिरली. प्रत्येक घराने काहीतरी द्यायचंच. ओलं कुटार म्हणजे भुसा, गोवऱ्या, तुराट्या, जे असेल ते. धूर सगळ्या गावाचा असायला हवा. कुणा एकाने लावला असं म्हणता येता कामा नये, अशी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी ज्याने दिलं त्याने मूठभर राख न्यायची आणि उंबऱ्यावर ठेवायची. तो त्याचा वाटा. वाटा दारात आला की वर्षभर घराला धुवारी बाधत नाही म्हणे.

जैबुनबीने गोवऱ्या दिल्या. प्रफुल्ल किराणावाल्याने रिकामी खोकी दिली. माझ्याकडे ना कुटार ना शेण. मग आठवलं, सांचीच्या डॉक्टरांनी जुनी फोमची गादी फेकून द्या म्हणून कधीचं सांगितलंय. दिली बंडीत टाकून! घरातली अडगळ गेली आणि गावात नाव झालं. बाबाराव बंडीजवळ उभे होते. त्यांनी गादी स्वतःच्या हाताने नीट आत सरकवली.

बुधवार, १० डिसेंबर

पहाटे सगळ्या फटींना ओले टॉवेल लावले तरी सांचीला वाफारा द्यावा लागला. उजाडल्यावर बशीकडून ओरडाआरडा ऐकू आला.

तांड्यावरची सोनीबाई गेली. रानडुकरांपासून तूर राखायला बाबारावांनी तिला ठेवलं होतं, ती बशीतल्या मोटरच्या खोलीत झोपायची. तिला केंद्रावर आणलं तेव्हा मी खिडकीवर होते. ठेंगणी बाई, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. नाकपुड्यांभोवती काळं. बाबाराव सगळ्यांना सांगत होते की ते पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि ती उंबऱ्यावर आडवी पडली होती. थंडी बाधली, वय झालं होतं. पोलीस आले, लिहून घेऊन गेले.

कुणीतरी म्हणालं की धुराचा एक पट्टा अगदी काळा होता आणि त्याला घाण वास येत होता. मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होते. मोजतच राहिले.

राख आणायला आज कुणी गेलं नाही. प्रेताशेजारची राख कोण उंबऱ्यावर ठेवणार?

रविवार, १४ डिसेंबर

सोनीबाईचा नवरा धावजी आज बाजारात आला. भांडायला नाही. एकेका दुकानासमोर उभा राहून विचारत गेला की धूर कोणी लावला. प्रत्येकाने तेच उत्तर दिलं, गावाने. माझ्यासमोरही उभा राहिला. मीही तेच म्हटलं. त्याने डोळे पुसले आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सगळ्यायनं लावला ना? मंग सगळ्यायले पुरन तो."

त्याचा मुलगा त्याला ऊसतोडीच्या टोळीबरोबर घेऊन गेला. तांड्यावर आता तिचं कुणी नाही. गेला ते बरं झालं असं मला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

गुरुवार, १८ डिसेंबर

प्रफुल्लचे वडील गेले. सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर मूठभर राख होती. ओलसर, आणि या थंडीत कोमट. वर तळहात दाबल्याची खूण, लहान हाताची, मनगटाशी बांगड्यांच्या रेघा. प्रफुल्लला वाटलं, राहिलेला वाटा कुणीतरी आणून दिला. धुवारी उठता उठता म्हाताऱ्याचा दम कोंडायला लागला. केंद्रावर ऑक्सिजन लावला, नळी नाकात असताना गेले. खोलीत धूर नव्हता. तरी मी त्यांचं तोंड पुसलं तेव्हा कापूस काळा झाला.

सोमवार, २२ डिसेंबर

तेलघाणीच्या गल्लीत बाळ गेलं. बारसंही व्हायचं होतं.

त्या घरच्या सुनेने सकाळी दारातली राख बघितली, उचलून नाल्यात फेकून आली. परत आली तर राख दारात, होती तिथेच. बाळाला माझ्याकडे आणलं. आमच्याकडे एवढ्याशा तोंडाचा मास्क नाही. मी मोठा मास्क हाताने दाबून धरला. काय उपयोग!

ऐक सोनीबाई, तू जिथे असशील तिथे ऐक. तुझा राग मला समजतो. माझ्या पोरीला कुणी असं कोंडलं असतं तर मीही गाव पेटवलं असतं. पण त्या बाळाने काय टाकलं होतं गं बंडीत? ज्यांनी केलं त्यांचा गळा धर. तुला दिसत नाही का?

बाबारावांनी आजही तिरडीला खांदा दिला. सगळ्यांच्या आधी पोचतात.

शुक्रवार, २६ डिसेंबर

आणखी एक घर. धनीबाई भाजीवाली, कालपर्यंत धडधाकट. त्या घरात एकटीच होती ती.

धुवारी आता दुपारपर्यंत उठत नाही. राख येते त्या घरातला सगळ्यात कमी दमाचा माणूस जातो, एवढं आता गावाला कळून चुकलंय. धूर माणूस बघत नाही, दम बघतो. आमच्या घरात तो कुणाचा, हे मला कुणी सांगायला नको. काटा आज पिवळ्याच्या खाली टेकला.

रजत म्हणतो निघून ये. निघायला हवंच. पण दुधाचा टेम्पो घाटात उलटल्यापासून गाड्या बंद आहेत. अय्यूबच्या मी पाया पडायचंच बाकी ठेवलं. तो म्हणाला, "मॅडम, घाटात सोताचा हात दिसून नाही राह्यला. पोरीले घेऊन दरीत पाडू काय?" खरं आहे त्याचं. धुवारी उठली की पहिली फेरी तुमची, असं त्याने कबूल केलंय.

सोमवार, २९ डिसेंबर

तुळसाबाई आज लाजत सांगत होती. म्हातारा सुधारला म्हणे. जन्मात ज्याने झाडू हातात धरला नाही, तो हल्ली पहाटे उठून पुढचं अंगण स्वतः झाडतो. तिला दारापाशी येऊच देत नाही. "मले म्हंते, तू निजून राह्य, धुवारी छातीत बसते." मी चिडवलं तिला, की या वयात नवरा नव्याने प्रेमात पडला.

हसत हसत घरी आले आणि दिवा लावताना हात थांबला.

पहाटे उठून उंबरा झाडतो. कधीपासून? प्रफुल्लचे वडील गेले तेव्हापासून.

मंगळवार, ३० डिसेंबर

उजाडायच्या आधीच दारामागे उभी राहिले. तो आला. हातात सुपली, वर फडकं. माझ्या उंबऱ्याशी वाकला आणि ठेवू लागला. मी मनगट धरलं.

सगळं बोलला. राख पहिल्या दिवसापासून त्याच्याच दारात येते. फक्त त्याच्याच. नाल्यात टाकली, उकिरड्यावर टाकली, बंद घराच्या दारात ठेवली, फिरून येते. तिला कुणाचा तरी दम हवा असतो. माणसं राहतात अशा दुसऱ्या उंबऱ्यावर ठेवली तरच थांबते. म्हणून आली की कुणाच्या तरी—

का त्याच्याच दारात, विचारलं. मग रडायला लागला. मोटरच्या खोलीला त्याने बाहेरून कडी लावली होती. थंडीच्या दिवसांत राखणदार रात्री उठून घरी जातात, डुकरं पीक खातात, म्हणून. रोज लावायचा. त्या दिवशी धूर लावायच्या घाईत काढायची राहिली. आठवलं तेव्हा धूर बशीत भरला होता. आत जायची हिंमत झाली नाही. ती दार वाजवत होती, ते त्याला काठावरून ऐकू येत होतं. सगळं शांत झाल्यावर उतरला, कडी काढली.

ऐकत उभा होता!

आणि माझ्या दारात का? तर म्हणे, "तुह्या पोरीजवळ पंप हाये, दवाखाना हाये. वाचन ते. माही तुळसा नाही वाचणार, बाई."

माझ्या डोक्यात काय झालं ते लिहिता येत नाही. बाहेरून मी अगदी शांत होते. म्हटलं, रडू नका. द्या ती सुपली, मी ठेवून येते दुसरीकडे. तुम्ही घरात जा, आणि तुळसाबाईंना माझ्याकडे पाठवा, सांचीला बरं नाही. त्याने माझ्या पायाला हात लावला. दुसरीकडे म्हणजे कुणाच्या दारात, ते त्याने विचारलंसुद्धा नाही.

तुळसाबाई आली. तो आत गेला. मी राख त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. बाहेरून कडी लावली. मागच्या दारालाही लावली. आता त्या घरात दम एकाचाच आहे.

तुळसाबाई ओव्याची पुरचुंडी गरम करून सांचीची पाठ शेकते आहे. तिला ऐकू येत नाही. मला येतंय. वाजवतोय.

वाजवू दे.

हात लावत नाही मी कडीला. सोनीबाई, बघ, मी लावत नाही.

अजून वाजवतोय. आता हाताने नाही, काहीतरी लाकडाचं आहे.

थांबला.

बुधवार, ३१ डिसेंबर

कुणी यायच्या आत कड्या काढल्या. मग ओरडले. लोक म्हणाले, आणखी एक घर. केंद्रावर आणला तेव्हा मी खिडकीवर होते. नाकपुड्यांभोवती काळं.

तुळसाबाई छाती बडवून रडली, मी तिला धरून बसले. चहा पाजला. लेक येऊन तिला कळंबला घेऊन गेली. जाताना तिने सांचीला कुरवाळलं आणि मला म्हणाली, तूच माझी पोर.

त्याचं मला वाईट वाटलं नाही. खरं ते लिहिते. बरं वाटलं. त्या बाळासाठी बरं वाटलं, सोनीबाईसाठी बरं वाटलं, आणि दार वाजायचं थांबलं तेव्हा सगळ्यात बरं वाटलं. पोटभर जेवले.

रविवार, ४ जानेवारी

ऊन! खरंखुरं, पाठ भाजणारं ऊन. कुणाच्याही दारात राख आली नाही. जैबुनबीने सांडगे वाळत घातलेत, पोरं रस्त्यावर आहेत. सांची जैबुनबीच्या नातीबरोबर, जेबाबरोबर, दिवसभर ठिकरी खेळली. काटा हिरव्यात, अगदी हिरव्यात. घाट सुटला. अय्यूब विचारायला आला, जायचं का. म्हटलं, आता कशाला? ज्याचं होतं त्याने नेलं. रजतलाही कळवलं, इथेच राहतो.

गुरुवार, ८ जानेवारी

पुन्हा धुवारी. असणारच, थंडी आहे. नुसती धुवारी आहे. सांची खोकते थोडी— नुसती खोकते.

पहाटे कुठेतरी दार वाजत होतं. कुणाचं ते बघायला उठले नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

माझ्या दारात राख आहे.

पंजा मोठा. पुरुषाचा. मी धरला होता हा हात.

सोनीबाईचं तर फिटलं होतं. हे तिचं नाही. हे माझं— कडी मी लावली.

सांची उठून बसलीये. नळीत फुंकर मारली, काटा हललाच नाही. पंप दिला. परत दिला. उचलून बाहेर न्यायला गेले तर उंबऱ्याशी ओठ निळे पडले. आत आणलं की जरा— जरा येतो दम.

मी उंबऱ्यावर बसून म्हटलं, माझा घ्या. मोठ्याने म्हटलं. कडी मी लावली, पोरीने नाही. माझा घ्या. राख तशीच. कोमट.

हे तर मीही सोनीबाईला विचारलं होतं. त्या बाळाने काय टाकलं होतं म्हणून.

अय्यूबला हाक मारली नाही. हाक मारली असती तर घर जागं झालं असतं.

सुपली बाबारावांच्या ओसरीवर होती. आणली.

जैबुनबीचं वय झालंय. आयुष्य बघून झालंय तिचं. जेबा चांगली धडधाकट आहे, तिला काही होणार नाही, जाईल तर म्हातारीच— आणि केंद्र जवळ आहे, मी असेन ना तिथे, मी स्वतः ऑक्सिजन लावीन, वाचेल ती, कदाचित वाचेल—

सांचीच्या छातीतली शिट्टी बंद झाली. तोंड उघडं आहे, आवाज नाही.

त्यांचं दार लागलेलं आहे. कुणी उठलेलं नाही. मी फक्त उंबऱ्यावर ठेवणार आणि लगेच